दुधाच्या दातातली रेघ

दातेकाका आमच्या घरी आले तो दिवस अमावास्येचा होता, हे मला नंतर कळलं. कुरिअरवाल्या पोराला तिथीचं काही नव्हतं. त्यानं फाटकाशी गाडी लावली, खोकं कानाशी धरून हलवलं, आत काहीतरी खुळखुळलं, आणि "ताई, मिक्सरचं भांडं का?" म्हणत माझी सही घेतली. खुळखुळत होता तो खालचा जबडा. स्प्रिंगमधून निसटला होता. ओसरीवर सासूबाई तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. सुपातून नजर न काढता त्यांनी विचारलं, "काय बलावलं वं?" मी म्हटलं, "अभ्यासाचं आहे, आत्याबाई." अभ्यास म्हणजे पुस्तकं आणि पुस्तकं म्हणजे निरुपद्रवी, या हिशेबानं त्या पुन्हा खडे शोधू लागल्या. चार वर्षांच्या माझ्या लेकीनं खोकं फोडेपर्यंत घरात सगळं शांत होतं.

थर्माकोलच्या गोळ्या मोगऱ्याच्या कळ्यांसारख्या घरभर उधळल्या गेल्या आणि त्यांतून एक कवटी वर आली. प्लॅस्टिकचीच, पण रंग जुन्या हाडाचा, चहात बुडवून काढलेल्या बिस्किटासारखा. लेक घाबरेल म्हणून मी पुढं झाले. ती घाबरली नव्हती. तिनं कवटी दोन्ही हातांत धरली, डोळ्यांच्या खाचांत वाकून आत कुणी आहे का ते पाहून घेतलं आणि विचारलं, "मम्मी, हे कोण आहेत?" 'हे काय आहे' असं नाही, 'हे कोण आहेत.' मोठ्या माणसाला द्यावा तो मान देऊन. मी उत्तर शोधत होते तोवर तिनंच हनुवटीपासून वर पाहत पाहत शोध लावला, "यांना किती दात आहेत!" आणि नाव पडलं. सासूबाईंनी मात्र कपाळावर हात मारला. "माय वं! अमोशाच्या दिवशी कोनाचं मुंडकं घरात आणलं वं?" भिंतीवरच्या खिळ्याला दाते पंचांग लटकत होतं, त्यात पाहून खात्रीही करून घेतली. त्या दिवसापासून घरात दोन दाते झाले. एक खिळ्यावर, तिथी सांगणारे. दुसरे कपाटावर, कुठल्याही तिथीला हसणारे. तह असा झाला की दिवेलागणीला दुसऱ्या दात्यांच्या तोंडावर टॉवेल टाकायचा.

मी जे शिकते त्याला मराठीत न्यायसहायक मानवशास्त्र म्हणतात. नाव ऐकून शेजारच्या काकूंनी पेढे मागितले. त्यांना वाटलं, मी कोर्टात सहायक म्हणून लागले. फॉरेन्सिक म्हटलं की मात्र गल्लीत सगळ्यांना कळतं, कारण 'सीआयडी' मालिकेनं डॉक्टर साळुंखे घराघरांत पोचवून ठेवलेत. साळुंखे साहेबांपुढं हाड ठेवलं की जाहिराती संपायच्या आत खुन्याचा पत्ता लागतो. माझ्या पुस्तकांतलं हाड एवढं बोलकं नसतं. ते थोड्या बहिऱ्या, पण लबाड नसलेल्या म्हाताऱ्यासारखं असतं: चार प्रश्न विचारावेत तेव्हा एकाचं उत्तर देतं, तेही 'साधारण' आणि 'बहुधा' लावून. माणसाचं की जनावराचं, बाई की पुरुष, वय किती, उंची किती, एवढंच आधी विचारायचं; नाव-गाव फार पुढची गोष्ट. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचं गणित मांडतात, पण त्याची सूत्रं ज्या त्या लोकांची निराळी. अमेरिकन सैनिकांच्या हाडांवरून बसवलेलं सूत्र आमच्या वऱ्हाडी माणसाला लावलं, तर कागदावर तो भलताच कुणी होऊन उभा राहतो.

लेक चार वर्षांची असताना मी हा घाट घातला. आम्ही बुलढाण्याची, घाटावरची माणसं. घाटाची आम्हाला सवय. नोकरी नाही, दूरस्थ पद्धतीचं एम. ए., पुस्तकं टपालानं, परीक्षा परगावी. बुलढाणा जिल्ह्याचं ठिकाण खरं, पण रेल्वे गावाला शिवत नाही. गाडी धरायची तर राजूर घाट उतरून मलकापूर गाठायचं. माझा निम्मा अभ्यास त्या एस.टी.त झाला. मांडीवर लेक झोपलेली, तिच्या पाठीवर पुस्तक उघडं टेकवलेलं. वळण आलं की तिचं डोकं माझ्या कोपरात घरंगळायचं, आणि मी वाचत असायची की मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडं, नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या अंगात मात्र त्याहून पुष्कळ, तीनशेच्या आसपास. वाढता वाढता ती एकमेकांना जुळत जातात. गळ्याखालच्या हासळीचं छातीकडचं टोक सगळ्यांत शेवटी, पंचविशी उलटल्यावर कधीतरी पुरतं जुळतं. म्हणजे माझं लग्न लागलं तेव्हा माझीच हाडं अजून जुळायची होती, आणि पत्रिका मात्र छत्तीसपैकी अठ्ठावीस गुणांनी जुळली होती.

हे वाचून झालं की मांडीवरचं मूल वेगळंच दिसू लागतं. जन्मताना गुडघ्याची वाटी हाडाची नसते, मऊ कुर्चेची असते. मनगटातल्या आठ हाडांपैकी बहुधा एकही एक्स-रेत दिसत नाही. मग ती वर्षाला जवळजवळ एक अशी उगवतात, लग्नघरी पाहुणे एकेक करून यावेत तशी. रस्ता ओलांडताना मी तिचं मनगट धरायची आणि मनात मोजायची: चार आले असतील, पाचवा वाटेत असेल. ती हात सोडवून पळायची तेव्हा माझ्या हाती राहायचं ते आकड्यांचं ओझं. घरी येऊन सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्यात काय नवीन? हाडं कवळीच असतात लेकराची." त्यांच्याकडे या शास्त्राची जुनी प्रत होती. लेक तान्ही असताना रोज सकाळी त्या तिच्या टाळूवर तेल घालत, मधल्या बोटानं हलकेच दाबून पाहत आणि जाहीर करत, "भरत आली." मोहरीची उशी करून डोकं एका बाजूला चपटं होऊ देत नसत. माझ्या पुस्तकानं टाळू भरण्यावर सहा पानं खर्चून सांगितलं की पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत, फार तर दोन वर्षांपर्यंत भरते. सासूबाईंचं बोट त्याच मुक्कामाला सहा पानांशिवाय पोचलं होतं.

वयाचा विषय निघाला की आमच्या जिल्ह्यानं जरा जपूनच बोलावं. लोणारचं विवर आमचंच. आकाशातून दगड पडला, काळ्या बेसाल्टमध्ये पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा झाला, इथवर सगळ्यांचं एकमत. कधी पडला यावर नाही. एका पद्धतीनं वय निघालं ५० हजार वर्षांच्या आसपास. दुसऱ्या पद्धतीनं, २०११ मध्ये, ५ लाख ७० हजार. विवराच्या वयात पाच लाखांची तफावत चालते, तर सासूबाईंच्या वयात पाच-सात वर्षांची का चालू नये? आधारवर त्यांची जन्मतारीख १ जून आहे. ज्यांच्या आईबापांना तारीख सांगता आली नाही त्या सगळ्या पोरांना शाळेत गुरुजींनी एकगठ्ठा १ जूनलाच जन्माला घातलं. त्यांची स्वतःची नोंद निराळी: ज्वारी हुरड्यात होती आणि काळी गाय व्यायली त्याच्या दुसऱ्या दिवशी. गाय आता साक्षीला नाही. पण गंमत अशी की कायदा गुरुजींच्याच बाजूनं आहे. मुलाचं वय ठरवायचं झालं तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं क्रम लावून दिलाय: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि कुठलाच कागद नसेल तरच हाडांची तपासणी. एक्स-रेवरून काढलेलं वय दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच म्हणून ठेवलंय. हाड बिचारं रांगेत शेवटी.

सासऱ्यांना हे पटलं नसतं. ते होते तेव्हा बैलबाजारातला त्यांचा शब्द शेवटचा. विकणारा काहीही सांगो, ते त्याच्याशी बोलतच नसत. थेट बैलापाशी जात, डावा हात नाकाखाली, उजव्या अंगठ्यानं खालचा ओठ खाली ओढत आणि आत एक नजर टाकत. दुधाचे दात असलेला तो आदत. मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे आले की जुळलेला. तेवढ्यात वय, किंमत आणि विकणाऱ्याचा स्वभाव, तिन्ही त्यांना कळत. दातांवरून वय ठरवण्याचा धडा वाचताना मला जबड्याच्या आकृत्यांऐवजी सासऱ्यांचा तो अंगठा दिसायचा, तंबाखूनं पिवळा पडलेला. पुस्तकाला मी मनातल्या मनात विचारायची, एवढं सगळं खरं, पण बैल ओठ उघडू देत नसेल तर काय करायचं ते कुठं लिहिलंय? लेकीचे दात घासायला बसलं की तो प्रश्न रोज समोर असायचा.

या वाटेनं माझ्या आधी एक बाई गेल्या आहेत, आणि त्यांचं नाव माझ्या प्लॅस्टिकच्या कवटीशेजारी घेताना मला संकोच वाटतो. १९२८ मध्ये इरावती कर्वे बर्लिनला गेल्या. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे, बायकांच्या शिक्षणासाठी जन्म झिजवलेले. तरी सुनेनं एवढ्या लांब जाण्याला त्यांचा विरोध होता. (माझ्या सासूबाईंचा विरोध फक्त अमावास्येपुरता होता, हे त्यांच्या बाजूनं इथं नोंदवते.) तिथं ऑयगेन फिशर या प्राध्यापकाच्या हाताखाली इरावतीबाईंनी माणसांच्या कवट्यांची डावी आणि उजवी बाजू मोजली. १४९ कवट्या. गोऱ्या माणसाची कवटी एका बाजूला जास्त मोठी, म्हणून तिच्यात अक्कलही जास्त, असं काहीतरी त्यातून निघावं ही गुरूची इच्छा. कवट्यांनी ते कबूल केलं नाही, आणि बाईंनीही ते त्यांच्या तोंडी घातलं नाही. कवटी कुठलीही घ्या, ती थोडी वाकडी असतेच. त्या वाकडेपणाचा वंशाशी संबंध नाही, एवढंच निघालं, आणि तेवढंच लिहून १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या परत आल्या. तेव्हाच्या बर्लिनमध्ये एका मराठी बाईनं गुरूसमोर 'नाही निघालं' म्हणणं याचं वजन मला कळतं. घरात दोन माणसांसमोर 'आज स्वयंपाक नाही झाला' म्हणतानाच माझी जीभ जड होते.

त्यांना मुलं झाली ती पुढं, पुण्याला आल्यावर. तीन. 'परिपूर्ती' हा त्यांचा लेख मराठी वाचकाला सांगायला नको: सभेत त्यांची ओळख अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी अशी करून देतात, त्यात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत असतं, आणि मग रस्त्यावरची शाळकरी पोरं आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवतात तेव्हा ती ओळख पुरी होते. मला हा लेख फार आवडायचा. माझ्यावर तो प्रसंग गुदरेपर्यंत. लेकीच्या बालवर्गात बाईंनी प्रत्येकाला विचारलं, आई काय करते? कुणाची आई पोळ्या करते, कुणाची बँकेत जाते. आमची बाई उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माझी मम्मी हाडं मोजते. आमच्या घरी एक काका आहेत, त्यांना कातडी नाही." त्यानंतर शाळेच्या फाटकाशी माझ्याकडंही बोटं दाखवली गेली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या बराच वेळ मोकळ्या होत्या. ओळख पुरी झाली होती यात शंका नाही. फक्त ती जरा जास्तच पुरी झाली होती.

पण मुलांना मेलेल्या माणसांची किळस नसते, हे मला दातेकाकांनी शिकवलं. लेक त्यांना जेवायला वाढायची. वरणभाताचा घास जबड्यातून आत जायचा आणि थेट पाटावर पडायचा, त्याचं तिला काही वाटायचं नाही, एवढंच म्हणायची, "काका, नीट खा." झोपताना त्यांच्या टॉवेलची टोकं ती चारी बाजूंनी खोचायची, वारं लागू नये म्हणून. एकदा तिनं विचारलं, यांचे ओठ कुठं गेले? मी म्हटलं, मेल्यावर जातात. "मग हे हसत नाहीयेत," ती म्हणाली, "यांना तोंड मिटताच येत नाहीये." मी दोन वर्षं त्या चेहऱ्याकडे पाहत होते.

काही धडे असे होते की ते मी लेक झोपल्यावरच उघडायची. लहान मुलांच्या सांगाड्यांचा धडा त्यातला. त्यात पहिल्याच पानावर सांगितलं होतं की वयात येण्याआधीच्या हाडांवरून मुलगा की मुलगी हे खात्रीनं सांगता येत नाही. कमरेचं हाड, भुवयांचा उंचवटा, कानामागचा गड्डा, या सगळ्या खुणा मागाहून उमटतात. तोवर हाड दोघांना सारखंच वागवतं. मी पुस्तक मिटून बसून राहिले. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागं मुली साडेआठशेच्या आसपास होत्या. ज्या जिजाऊंच्या नावानं आम्ही दर १२ जानेवारीला सिंदखेड राजाला लोटतो, आणि ज्यांच्यासारखी नऊवारी नेसवून, नाकात दाबाची नथ अडकवून मी माझ्या लेकीला शाळेत उभी केली होती, त्यांच्या जिल्ह्यात. हाडाला जे वेगळं काढता येत नाही ते आम्ही जन्माआधी वेगळं काढलं.

आणि त्याच धड्यात इनामगाव होतं. पुणे जिल्ह्यात, घोड नदीच्या काठी, १९६८ पासून पंधराएक वर्षं डेक्कन कॉलेजनं खणलेलं, तीन हजार वर्षांमागचं शेतकऱ्यांचं गाव. तिथं मोठं माणूस मेलं की घोट्याखाली पाय तोडून पुरत. उठून कुठं जाऊ नये म्हणून असेल, असा एक तर्क. लेकरांचं निराळं. मातीचे दोन कुंभ घ्यायचे, त्यांत लेकरू ठेवायचं, तोंडाला तोंड लावून कुंभ आडवे करायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे. लेकरांचे पाय कुणी तोडले नाहीत. कशाला तोडतील? ते उठून आलं तर कुणाला नको होतं? वर चूल पेटत असणार, भाकरी थापल्या जात असणार, आणि थापणारीला पक्कं ठाऊक असणार की आपण कुठल्या बाजूला पाय टाकायचा नाही. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी पुढं या लेकरांचे दुधाचे दात तपासले. सुळ्यांवरचे बारीक खळगे मोजले. तान्हेपणी अंगाला काही कमी पडलं असलं तर ते तिथं उमटून राहतं. तीन हजार वर्षांपूर्वीचं कुणाचं तरी अपुरं दूध, कुणाचा तरी न पिकलेला हंगाम, तांदळाच्या कणीएवढ्या खळग्यातही मावणार नाही इतकं लहान होऊन बसलेलं. आमच्याकडंही लहान लेकराला अजून जाळत नाहीत, पुरतात. सासूबाईंनी एक पुरलंय. त्या विषयावर त्या बोलत नाहीत आणि मी विचारलेलं नाही.

तिथून पुढं मला एक शोध लागला, जो शास्त्राला १९३०च्या दशकातच लागला होता. दुधाच्या दातांचं काम मूल पोटात असतानाच सुरू होतं. जन्माच्या क्षणी त्या कामात खंड पडतो, गवंड्यानं भिंत अर्ध्यावर सोडून पाणी प्यायला जावं तसा. पुन्हा काम सुरू होतं तेव्हा जोड दिसतो. दाताच्या झिलईत ती रेघ राहते, केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारी. रेघेच्या आतलं ते पोटातलं, बाहेरचं ते जगातलं. कायद्याला तिचा उपयोग असतो: बाळ जन्मल्यावर काही दिवस तरी जगलं होतं का, हे ती सांगते. मी ते वाचलं आणि शेजारी झोपलेल्या लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड उघडं, लाळेची एक धार उशीवर, वीसच्या वीस दात जागच्या जागी. त्या रात्रीची नोंद तिच्या तोंडात होती तर. बाहेर पाऊस, दिवे गेलेले, मोबाइलच्या उजेडात कुणीतरी 'आणखी थोडं, ताई' म्हणतंय, आणि मला वाटलं होतं की हे सगळं फक्त मला आठवतंय.

साहजिकच मग मी माझ्या बाजूची नोंद शोधली. आईच्या हाडांत काय राहतं? पूर्वीच्या पुस्तकांत उत्तर होतं: बाळंतपणानं कमरेच्या हाडावर मागच्या बाजूला खड्डे पडतात, ते पाहून बाई लेकुरवाळी होती का ते सांगता येतं. नव्या पुस्तकांनी ते उत्तर खोडून काढलं. तसे खड्डे मूल न झालेल्या बायकांतही दिसले, क्वचित पुरुषांतही. आणि चार चार बाळंतपणं झालेल्यांत दिसले नाहीत. म्हणजे उद्या माझा सांगाडा कुणापुढं टेबलावर मांडला, तर ती हुशार मुलगी माझी उंची सांगेल, वय सांगेल, उजव्या मनगटाची झीज पाहून 'बहुधा पोळ्या लाटायची' असंही कदाचित म्हणेल. मला मूल होतं का, या प्रश्नापुढं ती प्रामाणिकपणे रेघ मारेल: सांगता येत नाही. मला आधी रागच आला. नऊ महिने, तेरा तास, सात टाके, आणि हाडाला पत्ता नाही! सासूबाईंना सांगितलं तर त्या हसल्या. डाळीतला खडा उचलून बाजूला ठेवत म्हणाल्या, "हाडाले कायले लागते सांगाले? लेकरू हाय ना सांगाले."

त्या लेकराचा पहिला दात सहाव्या वर्षी, माझ्या शेवटच्या परीक्षेच्या आठवड्यात पडला. खालचा, मधला, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणं. पेरू खाताना. ती रडली नाही. रक्ताचं बोट दाखवत आधी कपाटाकडे गेली आणि दातेकाकांना बातमी दिली. सासूबाईंनी सासऱ्यांच्याच ढंगात अंगठ्यानं तिचा ओठ खाली ओढून पाहिला आणि म्हणाल्या, "सरली माय आदतगिरी. आता दोनदाती झाली पोट्टी." दात माझ्या तळहातावर होता. ज्वारीच्या दाण्याएवढा. मूळ विरघळून गेलेलं, खालून पोकळ, पोकळीत एक लाल ठिपका. कड झिजून सपाट झालेली. कुठंतरी त्याच्या आत ती रेघ. मी म्हटलं, हा ठेवून घेते. डबीही आणली. पण आजी-नातीचं आधीच ठरलेलं होतं: पडलेला दात पत्र्यावर फेकायचा, उंदराला सांगायचं, आमचा जुना घे आणि तुझ्यासारखा नवा दे. मी उंदराचे दात जन्मभर वाढत असतात वगैरे सांगू पाहिलं. "म्हणूनच तर," लेक म्हणाली. या युक्तिवादाला माझ्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नव्हतं. तिनं अंगणात उभं राहून, डोळे मिटून, सगळा जीव हातात आणून दात फेकला. पत्र्यावर टण्‌ असा एवढासा आवाज झाला.

रात्री नवरा खामगावहून यायचा होता. त्याची वाट न पाहता मी शिडी लावली. खरं म्हणजे त्या दाताचं मी करणार काय होते? रेघ पाहायची तर दात उभा कापावा लागतो, त्याची कागदाहून पातळ चकती घासावी लागते. ते माझ्यानं होणार नव्हतं, हे मला शिडीच्या पहिल्या पायरीवरच माहीत होतं. तरी चढले. वर गेल्यावर मात्र शिक्षण उपयोगी पडलं: पत्र्याच्या नाळ्या मोजून घेतल्या, डावीकडून सुरुवात केली, एकेका नाळीत टॉर्च तिरका धरून वरून खाली यायचं, घाई करायची नाही, जे सापडेल ते जागच्या जागी पाहायचं. पहिल्या नाळीत कुरडईचा तुकडा आणि चिमणीचं पीस. तिसरीत पतंगाची कामटी, पाचवीत आमच्याच मिक्सरच्या झाकणाचं रबर, ज्यासाठी मी गेल्या दिवाळीत कामवाल्या मावशींशी अबोला धरला होता. सातव्या नाळीत, पत्रा जिथं वाकून पन्हाळीला मिळतो तिथं, सुकलेल्या निंबाच्या पाल्याला टेकून, तो.

खाली कुणीतरी शिडी घट्ट धरल्याचं जाणवलं. सासूबाई उठून आल्या होत्या, पदर कानांवरून घेतलेला.

"पडशीन ना वं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, पोर जागी होऊ नये म्हणून. आणि मग जरा थांबून, "सापडला का?"

उतरायला दोन्ही हात लागतात. एकात टॉर्च होता, दुसऱ्यात शिडीचा बांबू. गाऊनला खिसा नव्हता. त्यामुळं दात मी गालात धरला होता, जिभेनं एका बाजूला लोटून, आणि त्याला अजून थोडी पेरूची चव होती.

"अंहं," मी म्हटलं.